अणुकेंद्राचे तुकडे आणि पवनेचा पाऊस





स्मरणिकेच्या पानांवर दरवर्षी आपण शिक्षणाचे महत्त्व वाचतो, थोरांची चरित्रे वाचतो, संस्थेचा अहवाल वाचतो. या खेपेस मी आपणास एका वेगळ्याच विषयाकडे नेणार आहे. अणूचे केंद्र कसे फुटते, हा तो विषय. नाव वाचूनच काहीजण पान उलटतील याची मला कल्पना आहे. "हे आपले काम नव्हे, ते मोठ्या शहरांतील मोठ्या लोकांचे," असे आपण म्हणतो. मुलगा दहावीला गणितात उत्तम गुण मिळवून आला तरी त्याला लवकर कामाला लागण्याचा सल्ला देतो. मुलगी असेल तर तेवढाही सल्ला देत नाही.

म्हणूनच हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. त्याच्या इतिहासातील एक मोठा भाग आपल्यापासून फार लांब घडलेला नाही. बोरघाट उतरले की मुंबई, आणि त्या मुंबईतच तो घडला. त्यातला एक धागा तर आपल्या पवनानगरच्या छपरांवर पडणाऱ्या पावसापर्यंत येऊन पोहोचतो. तो कसा, ते पुढे पाहू.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करतो. अणू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ६ ऑगस्ट १९४५ चे हिरोशिमा उभे राहते. ते उभे राहिलेच पाहिजे, कारण माणसाने ज्ञानाचा केलेला तो सर्वात भयंकर उपयोग होता. परंतु अणुकेंद्र फुटते हे काही माणसाने शोधून काढलेले पाप नव्हे. निसर्गात ते क्षणोक्षणी घडत आहे. ते जाणून घेणे हे इल्म आहे. त्याचे काय करावयाचे, हा अखलाकचा प्रश्न आहे. या दोहोंची गल्लत करून इल्मकडेच पाठ फिरवणे बरे नाही.

अणूच्या पोटात काय असते?

आपल्या भोवतालची प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली आहे. अणूच्या मध्यभागी त्याचे केंद्र असते. ते किती लहान? समजा, अणू एवढा मोठा केला की त्याचे केंद्र ज्वारीच्या दाण्याएवढे झाले, तर त्या अणूचा व्याप सुमारे शंभर मीटरचा होईल. म्हणजे शाळेच्या मैदानाच्या मधोमध एक दाणा, आणि बाकी सारे मैदान जवळजवळ रिकामे! तरीही अणूचे बहुतेक सारे वजन त्या दाण्यातच असते.

या केंद्रात दोन प्रकारचे कण असतात. धन विद्युत्भार असलेले प्रोटॉन आणि भार नसलेले न्यूट्रॉन. प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात. मग केंद्र टिकते कसे? कारण तेथे दुसरेही एक बळ आहे. ते अतिशय जोरकस आहे, परंतु त्याची पोहोच फार थोडी. प्रत्येक कण आपल्या लगतच्या शेजाऱ्यालाच घट्ट धरू शकतो. लहान केंद्रात सारेच जवळजवळ असल्याने पकड पक्की राहते. केंद्र मोठे होत गेले की पकड शेजाऱ्यांपुरतीच राहते, आणि दूर लोटणारे बळ मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साऱ्या प्रोटॉनांत चालू असते. ब्याण्णव प्रोटॉनांचे युरेनियम म्हणूनच अगदी काठावर उभे आहे. थोडा धक्का लागला की ते दुभंगते.

हे सारे एका दिवसात कळले नाही. १९११ साली रुदरफर्ड यांनी अणूला केंद्र असते हे दाखवले. १९१९ साली त्यांनीच नायट्रोजनच्या केंद्रावर आल्फा कणांचा मारा करून त्यातून प्रोटॉन बाहेर निघतो असे जाहीर केले. १९३२ साली केंब्रिज येथे कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी यंत्राने वेगवान केलेल्या प्रोटॉनांनी लिथियमचे केंद्र फोडले. १९३८ च्या अखेरीस जर्मनीत हान आणि स्ट्रासमान यांना युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केल्यावर बेरियम सापडले. बेरियमचे केंद्र युरेनियमच्या जवळपास निम्म्या वजनाचे! याचा अर्थ लावला लिझे माइटनर या विदुषीने, आपला भाचा ओटो फ्रिश याच्या साहाय्याने. ज्यू कुळात जन्मल्यामुळे माइटनरबाईंना त्याच वर्षी जर्मनी सोडून पळावे लागले होते. पाण्याचा थेंब जसा लांबट होत होत मध्ये बारीक होतो आणि दोन थेंब होतात, तसेच युरेनियमचे केंद्र दुभंगते, असे त्यांनी सांगितले. अशा एका भंजनात जी ऊर्जा निघते, ती कोळशाचा एक अणू जळताना निघणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे पाच कोटी पट असते. हान यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. माइटनरबाईंना मिळाले नाही. विद्यार्थिनींनी हे नाव विसरू नये.

या साऱ्या प्रयोगांत मारा करणाऱ्या गोळ्या हलक्या होत्या. आल्फा कण, प्रोटॉन, न्यूट्रॉन. मग पुढचा प्रश्न आला. एक जड केंद्रच दुसऱ्या जड केंद्रावर आदळले तर काय होईल? त्यासाठी जड केंद्रांना प्रचंड वेग देणारे यंत्र हवे, आणि तसे यंत्र त्या काळी जगात कोठेही नव्हते. उत्तर आले ते आकाशातून.

आकाशातून येणारे जड गोळे

१९१२ साली व्हिक्टर हेस यांनी फुग्यातून उंच जाऊन दाखवून दिले होते की पृथ्वीवर अवकाशातून भेदक किरणांचा अखंड वर्षाव होत असतो. यांनाच विश्वकिरण म्हणतात. त्यांत बहुतांशी प्रोटॉन असतात असे पुढे कळले. १९४८ साली अमेरिकेतील मिनेसोटा आणि रोचेस्टर येथील संशोधकांनी पंचवीस किलोमीटरहून अधिक उंचीवर फुगे सोडले. त्यांच्यासोबत फोटोच्या काचांसारख्या, पण खास जाड थराच्या काचा पाठवल्या होत्या. त्या धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताच दाट, जाड रेघा दिसल्या. कार्बन, ऑक्सिजन, मॅग्नेशियम, लोखंड अशा जड मूलद्रव्यांची केंद्रेच प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावत येत होती! या शोधात फिलिस फ्रायर नावाची एक विद्यार्थिनी होती, आणि बर्नार्ड पीटर्स नावाचा एक तरुण शास्त्रज्ञही होता. या पीटर्सची गाठ आपल्याला आता मुंबईत पडणार आहे.

मुंबईचा प्रारंभ

डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. आज ती कुलाब्याला समुद्रकाठी प्रशस्त वास्तूत आहे, परंतु ती वास्तू १९६२ सालची. त्याआधी संस्था पेडर रोडवरील एका बंगल्यात होती आणि १९४९ पासून गेट वे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत. देश नुकताच स्वतंत्र झालेला, परकीय चलनाची टंचाई, मोठी यंत्रे घेण्याची ऐपत नाही. भाभांनी विचार केला, की विश्वकिरण तर फुकट मिळतात. मग त्यांच्यावरच काम करावे.

शिवाय आपल्या स्थानाचाही एक लाभ होता. पृथ्वीचे चुंबकत्व चाळणीसारखे काम करते. विषुववृत्ताजवळ ती चाळणी फार बारीक असते, म्हणून मंद कण अडून राहतात आणि अतिशय वेगवान तेवढेच खाली येतात. जे इतरांनी पैशाने मिळवावे, ते आपल्याला भूगोलाने दिले होते.

पीटर्स १९५१ च्या सुमारास भाभांच्या संस्थेत आले. हिटलरच्या राजवटीत छळछावणीत पडलेला आणि तेथून निसटून अमेरिकेत गेलेला हा माणूस. अमेरिकेतही त्या काळी राजकीय संशयाचे वातावरण माजले आणि तेथे राहणे त्यांना कठीण झाले. मुंबईने त्यांना आसरा दिला, आणि त्यांनी मुंबईला एक विद्याशाखा दिली. १९५८ पर्यंत ते येथे होते. देवेंद्र लाल आणि यशपाल हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले तरुण. पुढे लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले, आणि प्रा. यशपाल यांना दूरदर्शनवरून साऱ्या देशाने पाहिले. याच संस्थेत त्या वर्षांत बिभा चौधुरी या बंगाली विदुषीही काम करीत होत्या. संस्थेत संशोधक म्हणून आलेल्या त्या पहिल्या महिला. भारत सरकारने १९८५ साली पीटर्स यांना पद्मभूषण दिले.

रेघा वाचण्याची विद्या

आता हे काम कसे चाले ते पाहा. फोटोच्या फिल्मवर चांदीच्या क्षारांचा जो थर असतो, तसाच पण कितीतरी जाड थर घ्यावयाचा. असे अनेक थर एकावर एक रचून गठ्ठा बांधावयाचा आणि फुग्याने आकाशात सोडावयाचा. काही तासांनी तो खाली उतरला की शोधून आणावयाचा, धुवावयाचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून एक एक रेघ तपासावयाची. ना संगणक, ना आपोआप मोजणारे यंत्र. माणसाचा डोळा, हातातील पेन्सिल आणि सबूर, एवढेच भांडवल. एका गठ्ठ्याला महिनेच्या महिने लागत.

रेघ वाचण्याचा नियम सोपा आहे. ज्या केंद्रावर प्रोटॉन जास्त, त्याची रेघ दाट. भार दुप्पट झाला तर दाटपणा चौपट होतो, तिप्पट झाला तर नऊपट. म्हणून जाणकार नजरेला ही रेघ हेलियमची, ही कार्बनची, ही लोखंडाची, असे ओळखता येते.

अशी एखादी जाड रेघ सरळ चाललेली असते आणि एकाएकी ती एका ठिकाणी फुटते. त्या बिंदूपासून अनेक रेघा चहूकडे पसरतात. याला संशोधक 'तारा' म्हणत. जड केंद्र थरातल्या एखाद्या केंद्रावर आदळले, त्याची ती खूण. या ताऱ्यांत दोन तऱ्हा स्पष्ट दिसत.

पहिली तऱ्हा ओझरत्या टकरीची. महामार्गावर भरधाव ट्रकचा कोपरा घासला, तर कोपऱ्यातला माल तेथेच सांडतो, परंतु उरलेला माल ट्रकबरोबर त्याच वेगाने पुढे जातो. केंद्राचेही असेच होते. जेवढा भाग दुसऱ्यावर आला तेवढाच चुरगळतो, उरलेला भाग जवळजवळ त्याच दिशेने आणि त्याच वेगाने पुढे निघून जातो. मात्र धक्क्याने तो तापलेला असतो, म्हणून वाटेत आणखी काही कण सोडतो. ज्या केंद्राला धक्का बसला ते मागे राहते आणि त्याचे तुकडे सावकाश, कोणत्याही दिशेला जातात. दुसरी तऱ्हा समोरासमोरच्या टकरीची. तीत ओळखता येण्याजोगे मोठे तुकडे फारसे उरत नाहीत. कणांचा झोत उसळतो.

टक्कर किती वेळा होईल याचेही गणित आहे. दोन्ही केंद्रांच्या त्रिज्यांची बेरीज घ्यावयाची, त्यातून थोडी वजाबाकी करावयाची, कारण नुसत्या कडेला कड लागली तर काही फुटत नाही. उरलेल्या अंतराचे वर्तुळ म्हणजे टकरीचे लक्ष्य. ब्रॅट आणि पीटर्स यांनी १९५० साली मांडलेला हा हिशेब भौतिकीत त्यांच्याच नावाने ओळखला जातो. शाळेतल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र येथे कामास आले आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

फुटलेल्या बांगड्यांवरून घाटाची परीक्षा

हे सारे मोजून मिळाले काय? एक दृष्टांत देतो. बांगड्यांच्या पेट्या घेऊन एखादा व्यापारी घाट चढून आला. पेटी उघडली तर किती बांगड्या शाबूत आणि किती फुटलेल्या, यावरून रस्ता किती खडबडीत होता ते सांगता येईल. रस्ता पाहण्याचीही गरज नाही.

ताऱ्यांमध्ये लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन ही मूलद्रव्ये जवळजवळ नसतात. परंतु विश्वकिरणांत ती चांगल्या प्रमाणात आढळतात. याचा अर्थ एकच. ती मुळात निघालेली नाहीत. कार्बन, ऑक्सिजन यांची केंद्रे तारकांमधील विरळ वायूवर आदळून फुटली आणि हे त्यांचे तुकडे आहेत. तुकड्यांच्या प्रमाणावरून हिशेब लागला की हे किरण आपल्यापर्यंत येताना जेवढ्या द्रव्यातून गेले, ते सारे एकत्र केले तर चार बोटे खोल पाण्याइतके भरेल. एवढेच द्रव्य, पण अवकाश इतके विरळ आहे की ते ओलांडायला कोटी-दीड कोटी वर्षे लागतात!

हे सहज सुटले नाही. फुग्याच्या वरही थोडी हवा उरतेच, आणि त्या हवेतही केंद्रे फुटतात. ती फूट वजा केल्याखेरीज मूळ प्रमाण कळत नाही. १९५० च्या दशकात यावरून जगभरच्या संशोधकांत मोठा वाद चालला. त्यासाठी फुटण्याची मोजणी अधिकाधिक काटेकोर करणे भाग पडले, आणि त्या मोजणीत मुंबईच्या मंडळींचा वाटा होता. अमेरिकेत बर्कले येथे जड केंद्रांना असा वेग देणारे यंत्र सुरू झाले ते १९७० च्या दशकात. त्याच्या वीस वर्षे आधी मुंबईतील तरुण या टकरी काचेवर वाचीत होते.

आपल्या छपरावरचा पाऊस

आता मी प्रारंभी दिलेले वचन पुरे करतो.

विश्वकिरण आपल्या हवेत शिरतात तेव्हा नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या केंद्रांवर आदळतात. येथे आदळणारे बहुधा प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन असतात, जड केंद्रे थोडी. परंतु फुटण्याची रीत तीच. नायट्रोजनच्या केंद्रात सात प्रोटॉन आणि सात न्यूट्रॉन असतात. त्याचे तुकडे होताना कधी चार प्रोटॉन आणि तीन न्यूट्रॉनांचा एक तुकडा सुटतो. हेच बेरिलियम-७. ते टिकाऊ नसते. सुमारे त्रेपन्न दिवसांत त्यातले निम्मे नाहीसे होते. जन्मल्यावर ते हवेतील धूलिकणांना चिकटते आणि पावसाबरोबर खाली येते.

पीटर्स यांनी हवेत असे तुकडे तयार होत असले पाहिजेत आणि त्यांचा कालमापनासाठी उपयोग होईल, हे ओळखले. मग लाल, गोएल, रामा आदी तरुण पावसाचे पाणी गोळा करू लागले. पाण्यात साध्या बेरिलियमचा थोडा क्षार मिसळावयाचा, म्हणजे तो विरळ तुकड्यांना सोबत घेतो. मग रसायनांनी साका खाली बसवावयाचा, तो वेगळा काढून त्याचे प्रारण मोजावयाचे. १९५५-५६ च्या सुमारास अमेरिकेत एका गटाला आणि मुंबईत या गटाला पावसाच्या पाण्यात बेरिलियम-७ सापडले. पुढे गंधक-३५, फॉस्फरस-३२ असे आणखी तुकडेही पावसात मोजले गेले. हे हवेतल्या आर्गॉनच्या केंद्राचे तुकडे होत.

पालकहो, जरा कल्पना करा. जूनमध्ये तुंग-तिकोन्यावर ढग दाटतात, लोहगड दिसेनासा होतो, आणि चार महिने आपल्या पत्र्यांवर जो पाऊस कोसळतो, त्याच्या थेंबाथेंबांत अणुकेंद्राचे असे ताजे तुकडे असतात. त्यांचे प्रमाण इतके अल्प असते की त्यांपासून काडीइतकीही भीती नाही. माणूस पृथ्वीवर आला तेव्हापासून तो हेच पाणी पीत आला आहे. पवना धरणाच्या जलाशयात ते उतरतात, शेतातल्या मातीला चिकटतात. माती पावसाने किती वाहून गेली हे मोजण्यासाठी आज जगभर बेरिलियम-७ चा उपयोग करतात. ज्या मुलाच्या शेताची माती दरसाल ओढ्यात जाते, त्याला अणुभौतिकी आपली वाटू नये असे काय आहे?

यंत्रांचा काळ

आकाश जे देते ते फुकट असते, पण ते आपल्या सोयीने देत नाही. अमुक केंद्र अमुक वेगाने अमुक केंद्रावर आदळावे असे वाटत असेल तर यंत्र हवे. ते काम मुंबईत दोन टप्प्यांनी झाले.

पहिला टप्पा तुर्भ्याचा. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथे अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. तिच्यातल्या न्यूट्रॉनांच्या साहाय्याने डॉ. राजा रामण्णा आणि त्यांचे सहकारी युरेनियमच्या भंजनाचा अभ्यास करू लागले. त्या परंपरेत पुढे डॉ. एस. एस. कपूर, डॉ. व्ही. एस. राममूर्ती यांच्यासारखे संशोधक तयार झाले.

दुसरा टप्पा कुलाब्याचा. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांनी मिळून तेथे पेलेट्रॉन नावाचा कणवेगवर्धक उभारला. ३० डिसेंबर १९८८ रोजी त्याचे उद्घाटन झाले. हा एक उंच मनोरा आहे. मध्यभागी एक कोटी चाळीस लाख व्होल्टपर्यंत धन विद्युत्दाब निर्माण करता येतो. वरून ऋण भाराचे आयन सोडले की ते या दाबाकडे ओढले जातात. तेथे कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन गळून पडतात आणि ते धन होतात. मग तोच दाब त्यांना खाली लोटतो. एकाच दाबाचा दोनदा फायदा! अशा रीतीने ऑक्सिजनच्या केंद्राला प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याचा वेग येतो. पुढे त्याला अतिसंवाहक यंत्रणेची जोड देण्यात आली. तिचा मोठा भाग येथेच बनवलेला आहे, आणि २००७ साली ती पूर्ण झाली.

विश्वकिरणांच्या मानाने हा वेग फारच कमी. म्हणून येथे फुटण्याची तऱ्हाही निराळी. ऑक्सिजनचे केंद्र थोरियमवर आदळले की दोघांचे तुकडे उडत नाहीत. दोन थेंब जवळ आल्यावर एक व्हावेत तशी ती एक होतात, आणि हे नवे जड केंद्र मग दोन जवळजवळ सारख्या तुकड्यांत दुभंगते. विद्यार्थ्यांनो, येथे वहीत एक बेरीज करून पाहा. ऑक्सिजन १६ आणि थोरियम २३२, बेरीज २४८. बोरॉन ११ आणि नेप्च्युनियम २३७, बेरीज तीच २४८. प्रोटॉनांची बेरीजही तीच: आठ आणि नव्वद, पाच आणि त्र्याण्णव, दोन्ही वेळा अठ्ठ्याण्णव. म्हणजे वाटा दोन, पण पोहोचण्याचे ठिकाण एकच, कॅलिफोर्नियमचे केंद्र. मग दोन्ही वेळा ते सारखेच फुटावयास हवे ना?

तसेच मानले जात होते. नवे केंद्र आपण कशापासून झालो हे विसरून जाते, असा समज होता. परंतु जड आयनांच्या प्रयोगांत तुकडे कोणत्या दिशांना किती जातात हे मोजल्यावर हिशेब जुळेना. पुढे-मागे जाणारे तुकडे अपेक्षेपेक्षा जास्त निघत. १९८५ साली राममूर्ती आणि कपूर यांनी याचे कारण सुचवले. काही वेळा केंद्र पुरते स्थिरस्थावर होण्याआधीच फुटते. आदळणाऱ्यांपैकी एक फारच लहान आणि दुसरे मोठे असेल, तर मोठे त्याला गिळून टाकते आणि मागचा ठसा पुसला जातो. दोघांच्या आकारातला फरक कमी असेल तर ठसा राहतो. पेलेट्रॉन सुरू होताच मुंबईच्या गटाने अशा जोड्या घेऊन प्रत्यक्ष मोजणी केली, आणि १९९० साली जगातील एका अग्रगण्य नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. ऑक्सिजनच्या वाटेने आलेल्या केंद्राच्या तुकड्यांत तो ठसा दिसला, बोरॉनच्या वाटेने आलेल्यांत तो दिसला नाही. हे सारे घडते एका सेकंदाच्या अब्जांश भागाच्याही अब्जांश भागाहून थोड्या काळात!

अलिगढ ते जिनिव्हा

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलिगढला जो मदरसा काढला, त्याचे १९२० साली विद्यापीठ झाले. त्या विद्यापीठातील भौतिकी विभागाने विश्वकिरणांची आणि छायाचित्रण-थरांतील रेघा वाचण्याची विद्या आपलीशी केली. परदेशांतील यंत्रांवर कार्बन, सिलिकॉन यांच्या केंद्रांचा मारा झालेले थर मिळवून तेथील अध्यापक आणि विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे तुकडे मोजीत राहिले. मोठे यंत्र जवळ नव्हते, पण वाचणारा डोळा होता.

त्या चिकाटीचे फळ पुढे मिळाले. जिनिव्हाजवळ जमिनीखाली सत्तावीस किलोमीटर घेराच्या वर्तुळात जगातील सर्वात मोठा कणवेगवर्धक आहे. तेथे नोव्हेंबर २०१० मध्ये शिशाची केंद्रे शिशाच्या केंद्रांवर आदळवण्यात आली. या टकरीत प्रोटॉन-न्यूट्रॉनही शाबूत राहत नाहीत. ते वितळतात, आणि सूर्याच्या गाभ्याच्या लाख पटीहून अधिक तापमानाचा एक रस क्षणभर निर्माण होतो. विश्वाच्या आरंभी सारे द्रव्य असेच होते असे मानतात. या टकरी टिपणाऱ्या 'ॲलिस' नावाच्या प्रयोगात भारतातील अनेक संस्था सामील झाल्या. मुंबईची आय. आय. टी. त्यात आहे, आणि अलिगढ मुस्लिम विद्यापीठही आहे. म्यूऑन नावाचे कण टिपणाऱ्या यंत्रणेच्या एका भागाची जबाबदारी कोलकात्याची साहा संस्था आणि अलिगढ यांनी मिळून उचलली होती.

याचा उपयोग काय?

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. मातीची झीज मोजण्याचे उदाहरण वर आलेच. दुसरे उदाहरण आजाराचे. कर्करोगाच्या गाठीवर कार्बनच्या केंद्रांचा झोत सोडून उपचार करतात. जपानमध्ये चिबा येथे १९९४ पासून ते चालू आहेत. हा झोत आपली बहुतेक ऊर्जा गाठीपाशीच सोडतो, म्हणून भोवतालच्या निरोगी भागाला इजा कमी. परंतु शरीरातून जाताना काही कार्बनकेंद्रे फुटतात आणि त्यांचे हलके तुकडे गाठीच्या पलीकडे जातात. किती फुटतात आणि तुकडे कोठवर जातात, हे ठाऊक असल्याखेरीज डॉक्टर मात्रा ठरवू शकत नाहीत. ज्या ज्ञानाचा प्रारंभ फुग्यातल्या काचांवर झाला, ते रुग्णाच्या खाटेपाशी असे पोहोचले. आपल्याकडे खारघरला टाटा स्मारक केंद्रात प्रोटॉनच्या झोताने उपचार २०२३ साली सुरू झाले आहेत.

परंतु उपयोग दिसला तरच शिकावे, असेही नाही. पावसाचे पाणी गाळीत बसलेल्या त्या तरुणांना कोणी विचारले असते की याचा उपयोग काय, तर त्यांच्यापाशी तरी कोठे तयार उत्तर होते? कुरआन शरीफचा पहिला आदेश वाचण्याचा आहे, आणि वाचण्याजोगे फक्त पुस्तकच नसते. काचेवरची रेघ आणि पावसाचा थेंब हीदेखील वाचण्याचीच पाने आहेत.

शेवटी दोन शब्द

या इतिहासातून मी एकच गोष्ट आपल्या पदरात घालू इच्छितो. हे काम पैशाने सुरू झाले नाही. परागंदा झालेला एक गुरू, विशीतले काही तरुण, एक फुगा, काचांचा गठ्ठा आणि पावसाचे पाणी, एवढ्यावर ते सुरू झाले. त्यात घरदार सोडावे लागलेली माणसे होती, त्यात बायका होत्या, त्यात नाव नसलेले असंख्य डोळे होते. मोठी यंत्रे मागून आली.

आज वाटा पूर्वीपेक्षा सोप्या आहेत. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तेथून शालेय विद्यार्थ्यांच्या विज्ञान ऑलिंपियाड परीक्षा चालवल्या जातात. पुण्यात २००६ पासून विज्ञान शिक्षण व संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. कामशेतहून लोकलने तेवढ्या अंतरावर आपली मुले रोज कामाला जातातच. मग शिकायला का जाऊ नयेत?

म्हणून माझी पालकांना विनंती आहे. मुलगा असो वा मुलगी, गणित आणि विज्ञान आवडत असेल तर दहावीनंतर त्याचा हात धरून मागे ओढू नका. फी आणि पुस्तके यांची अडचण असेल तर संकोच न करता संस्थेच्या मंडळींना येऊन भेटा. संस्था त्यासाठीच आहे. आणि विद्यार्थी मित्रांनो, येत्या पावसाळ्यात छपराखाली भांडे ठेवाल तेव्हा त्यात काय काय पडत आहे, याचा एकदा तरी विचार करा.

अल्लाह आपल्या मुलामुलींना इल्म देवो आणि त्याचा उपयोग भल्यासाठी करण्याची तौफिक देवो. आमीन.